केमो चालू असलेलं मूल घरी सांभाळताना: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये रक्ताचा कॅन्सर, त्यातही एएलएल (अ‍ॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया), सगळ्यात जास्त दिसतो. त्याचे उपचार, मुख्यतः केमो म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं, साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. यातले बहुतेक दिवस मूल वॉर्डात नसतं, घरीच असतं. म्हणजे औषध देणं, ताप ओळखणं, जंतुसंसर्गापासून जपणं हे सगळं आई, बाबा, आजी आणि काका-काकूंच्या हातात असतं.

घरोघरी होणाऱ्या चुका मात्र ठरलेल्या आहेत. रात्री ताप आला, सिरप दिलं, सकाळी बघू म्हणून झोपवलं. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोज दिली गेली. मूल टुणटुणीत दिसायला लागलं म्हणून गोळ्या बंद केल्या. यातली एकही चूक माया कमी पडल्यामुळे होत नाही. डिस्चार्जच्या गडबडीत पाच मिनिटांत दहा सूचना मिळतात, आणि आधी काय करायचं, नंतर काय, हे कोणी कागदावर लिहून देत नाही. इथे तो क्रम दिला आहे.

इथले आकडे आणि तुमच्या डॉक्टरांनी दिलेले आकडे यांत फरक असेल, तर डॉक्टरांचेच आकडे पाळा.

## टप्पा १: डिस्चार्जच्या आधी, वॉर्डातच

एक दोनशे पानी वही घ्या. फाइल वेगळी, वही वेगळी. फाइलमध्ये रिपोर्ट, वहीत रोजची नोंद. वहीच्या पहिल्या पानावर पुढच्या गोष्टी वॉर्डातल्या डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून विचारून, त्यांच्या समोरच लिहून घ्या:

१. दिवसाचा फोन नंबर आणि रात्रीचा फोन नंबर. दोन्ही लावून बघा, कोण उचलतं ते पाहा.
२. थर्मामीटरवर किती आकडा दिसला की फोन करायचा आणि किती दिसला की थेट निघायचं.
३. प्रत्येक औषधाचं नाव, मिलिग्रॅम, गोळ्यांची संख्या आणि वार.
४. मुलाचं वजन, रक्तगट, याआधी रक्त किंवा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) देताना रिअ‍ॅक्शन आली होती का.
५. पोर्ट किंवा पिक लाइन (औषधासाठी शिरेत बसवलेली नळी) असेल तर पुढचं फ्लशिंग (नळी आतून धुणं) आणि ड्रेसिंग कधी, कुठे.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद. तुमचं घर मोठ्या हॉस्पिटलपासून तासाभरापेक्षा जास्त अंतरावर असेल, तर जवळच्या हॉस्पिटलसाठी डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी मागून घ्या. मजकूर साधारण असा हवा: हे मूल केमोवर आहे, ताप असल्यास ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) घेऊन शिरेतून पहिलं अँटिबायोटिक तासाभराच्या आत द्यावं, सीबीसीच्या (रक्तातल्या पेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टसाठी थांबू नये. अँटिबायोटिकचं नाव आणि वजनाप्रमाणे डोस त्यातच लिहिलेला असावा.

ही चिठ्ठी फाइलमध्ये ठेवून देणं ही अर्धीच तयारी. घरी पोहोचल्यावर पहिल्या चार दिवसांत, मूल बरं असताना, ती घेऊन तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या हॉस्पिटलात जा. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि विचारा: हे इंजेक्शन तुमच्याकडे असतं का? रात्री दोन वाजता आलो तर मिळेल का? लहान मुलाची शीर कोण धरतं? उत्तर 'नाही' असेल, तर ते आजच कळलेलं बरं. मग पुढचं हॉस्पिटल शोधायला वेळ मिळतो.

तपासा: जो माणूस वॉर्डात नव्हता, त्याला वहीचं पहिलं पान वाचायला द्या आणि ताप आला तर काय करशील, हे विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर पान पुन्हा लिहा.

## टप्पा २: घर तयार करणं, मूल यायच्या आधी

मूल येणार म्हणून घराला रंग द्यायची हौस असते. रंग, प्लॅस्टर, भिंत खरवडणं यातून उडणाऱ्या धुळीत बुरशीचे कण असतात, आणि पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलाच्या फुप्फुसात हीच बुरशी घर करते. काम करायचंच असेल तर मूल हॉस्पिटलात असतानाच संपवा आणि नंतर ओल्या फडक्याने सगळं पुसून घ्या. मूल घरात असताना शेजारी तोडफोड चालू असेल, तर त्या बाजूची खिडकी बंद ठेवा. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला टेकून मुलाचं अंथरूण नको.

जमीन शेणाने सारवलेली असेल, तर मूल घरी आहे तोवर नवं सारवण करू नका आणि मुलाची जागा धुता येईल अशा ताडपत्रीवर किंवा चटईवर करा. कोंबड्या, शेळ्या घरात येणार नाहीत असं बघा. तुळस आणि कुंड्या अंगणात असू देत, फक्त मुलाने माती उकरायची नाही. मच्छरदाणी रोज, दुपारच्या झोपेलाही. ज्या मुलाचे प्लेटलेट आधीच कमी आहेत, त्याला डेंग्यू परवडत नाही.

मुलाचा टॉवेल, नॅपकिन, ताट-वाटी-पेला वेगळं. घरात शिरल्यावर हात धुवायची सोय दाराशीच हवी: बादली, तांब्या, साबण. पाहुणा मुलाला उचलायला धावतो, तेव्हा 'हात धुऊन या' म्हणायला आपल्याला अवघड वाटतं. साबण डोळ्यांसमोर असला की म्हणायची वेळ कमी येते. सर्दी-खोकला असलेल्या माणसाने यायचं नाही, मग तो सख्खा मामा का असेना. हे सगळ्यांना फोनवर सांगायचं काम एकाच माणसाकडे द्या, शक्यतो आईकडे नको. दिवसभर मुलाजवळ तीच असते. वाईटपणा घ्यायला दुसरं कोणीतरी हवं.

दोन डिजिटल थर्मामीटर घ्या. एक घरात, एक हॉस्पिटलला न्यायच्या बॅगेत.

## टप्पा ३: औषधांचा डबा

केमोच्या गोळ्या घरातल्या इतर औषधांत मिसळायच्या नाहीत. वेगळा डबा, झाकण घट्ट, लहान भावंडांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर.

सिक्स-एमपी. बहुतेक मुलांना मेंटेनन्सच्या काळात, म्हणजे उपचारांच्या शेवटच्या लांब टप्प्यात, केमोची ही गोळी रोज असते. गोळी ५० मिलिग्रॅमची, पण डोस मुलाच्या उंची-वजनावरून ठरतो. त्यामुळे 'चार दिवस एक, तीन दिवस अर्धी' असा हिशेब येऊ शकतो. तो डोक्यात ठेवू नका. सात कप्प्यांचा आठवड्याचा डबा आणा आणि दर रविवारी एका माणसाने भरावा, दुसऱ्याने मोजावा. वेळ एकच ठेवा. बहुतेक घरांत रात्रीची वेळ सोयीची पडते. दुधासोबत द्यायची की नाही, हे तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा आणि मग त्यात बदल करू नका.

गोळी कापायची तर गोळी कापायच्या छोट्या कटरने, हातमोजे घालून, कागदावर, स्वयंपाकाच्या ओट्यापासून दूर. खलबत्त्यात कुटू नका. भुकटी उडते आणि श्वासातून आपल्या शरीरात जाते. मूल गोळी गिळत नसेल, तर सुई नसलेल्या १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये गोळी टाका, थोडं कोमट पाणी ओढा, टोक बंद करून हलवा. गोळी आतच विरघळते आणि तिथूनच तोंडात देता येते. नंतर पुन्हा थोडं पाणी ओढून तेही द्या, कारण औषध सिरिंजच्या कडेला चिकटून राहतं. घरात कोणी गरोदर असेल, तर तिने या गोळ्यांना हात लावायचा नाही.

मेथोट्रेक्सेट. ही केमोची गोळी आठवड्यातून एकदाच. रोज दिली गेली तर तोंड सोलून निघतं, काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) कोसळतात आणि जीवही जाऊ शकतो. वार ठरला की स्ट्रिपवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा: 'फक्त शुक्रवार'. त्या आठवड्याच्या गोळ्या वेगळ्या पुडीत काढा, उरलेली स्ट्रिप कुलपात.

इथे दुसरी एक चूक लपलेली असते. ही गोळी २.५ मिलिग्रॅममध्ये येते, तशी ५, ७.५ आणि १० मध्येही येते. आधी २.५ च्या पाच गोळ्या देत होतो, दुकानदाराने या वेळी ५ ची स्ट्रिप दिली, घरी सवयीने पाचच दिल्या. डोस दुप्पट झाला. म्हणून वहीत 'पाच गोळ्या' असं कधीच लिहू नका. लिहा: '१२.५ मिलिग्रॅम = २.५ च्या ५ गोळ्या'. आणि ज्या आठवड्यात पाठीतून, म्हणजे मणक्यातून औषध दिलं जातं, त्या आठवड्यात तोंडातून ही गोळी द्यायची की गाळायची, हे त्याच दिवशी विचारून घ्या.

सेप्ट्रान. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस असते. 'अँटिबायोटिक इतके महिने कशाला' म्हणून घरचेच ते बंद करतात. न्यूमोनियाचा एक विशिष्ट, जीवघेणा प्रकार याच औषधाने टळतो. सांगितल्याशिवाय थांबवायचं नाही.

स्टेरॉइड. खाऊन झाल्यावर द्यायचं आणि शेवटचा डोस शक्यतो लवकर द्यायचा, नाहीतर मूल रात्रभर जागं राहतं. मूल सुजलं, चिडकं झालं म्हणून मध्येच थांबवू नका. अचानक बंद केलं तर ब्लड प्रेशर उतरून मूल गळून जाऊ शकतं.

डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. उलटी झाली तर किती मिनिटांनी झाली ते लिहा आणि फोन करून विचारा. आपल्या मनाने पुन्हा देऊ नका.

सावधान: आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन बंद. फॉलिक अ‍ॅसिड असलेलं टॉनिक विचारल्याशिवाय नको, ते मेथोट्रेक्सेटच्या विरुद्ध काम करतं. बुरशीवरची काही औषधं व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या इंजेक्शनचा विषारी परिणाम वाढवतात, म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांनी काहीही लिहून दिलं, तरी आधी आपल्या हॉस्पिटलला फोन.

केमोनंतरचे दोन दिवस लघवी, शी, उलटी साफ करताना हातमोजे घाला. माखलेले कपडे वेगळे धुवा.

## टप्पा ४: ताप

या लेखातलं एकच पान भिंतीवर लावायचं असेल, तर हे लावा.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी किती उरल्या, हे सीबीसीवरून काढता येतं. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले १००. पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल २२ टक्के असतील, तर उत्तर ३९६. यालाच एएनसी म्हणतात. तो ५०० च्या खाली असेल, तर सकाळी साधा वाटलेला ताप संध्याकाळपर्यंत रक्तात जंतू पसरल्याचं लक्षण ठरू शकतो. काही लॅब १,८०० ऐवजी १.८ छापतात, तिथे हजाराने गुणून घ्या.

क्रम असा:

१. आधी मोजा. अंग गरम लागलं, मूल मलूल झालं, थंडी वाजली की थर्मामीटर. काख कोरडी करा, टोक काखेच्या मधोमध लावा, हात अंगाशी दाबून धरा, बीप वाजेपर्यंत काढू नका. मूल झोपलेलं असेल, तर टोक बनियनच्या कापडात अडकतं आणि आकडा कमी दिसतो. बटण उघडून बघा. गुदद्वारातून ताप कधीही मोजायचा नाही, तिथल्या बारीक जखमेतून जंतू रक्तात शिरतात.

२. वेळ आणि आकडा लिहा. १०१ फॅरनहाइट (३८.३ सेल्सिअस) एकदा दिसलं, किंवा १००.४ (३८.०) दिसून तासभर टिकलं, म्हणजे ताप. काखेत आकडा थोडा कमीच येतो, म्हणून काखेत १००.४ दिसलं की फोन करा. दुसऱ्यांदा मोजेपर्यंतच्या वेळात बॅग काढा.

३. फोन. एका दमात सांगा: मुलाचं नाव, फाइल नंबर, शेवटचं केमो कोणत्या तारखेला, शेवटचे काउंट, आत्ताचा ताप, पोर्ट किंवा पिक लाइन आहे का, थंडी वाजली का.

४. निघा. फोन लागला नाही तरी निघा. गाडी नसेल तर १०८.

५. कॅज्युअल्टीत केसपेपरच्या रांगेत उभं राहू नका. पहिल्या सिस्टरला सांगा: 'केमोवरचं मूल आहे, ताप आहे', आणि चिठ्ठी पुढे करा. गर्दीत बसवलंही जाऊ देऊ नका. आजूबाजूला खोकणारी माणसं असतात.

६. घड्याळ बघा. पोहोचल्यापासून पहिलं अँटिबायोटिक ६० मिनिटांत जायला हवं. अर्धा तास झाला तर नम्रपणे पण स्पष्टपणे विचारा.

पॅरासिटामॉल कुठे बसतं? तिसऱ्या पायरीनंतर, आणि तेही डॉक्टर 'द्या' म्हणाले तरच. आधी दिलं तर ताप उतरतो, घर निर्धास्त होतं, आणि जंतू वाढतच राहतात. म्हणूनच ते सिरप मुलाच्या औषधाच्या डब्यात ठेवू नका. दुसऱ्या कपाटात ठेवा, म्हणजे झोपेत हात आपोआप तिकडे जाणार नाही.

या चुका जिवावर बेततात:

गावातल्या डॉक्टरांकडून कुल्ल्यात सुई घेणं. प्लेटलेट कमी असतील तर आत रक्त साकळतं आणि तिथेच गळू होतं. 'शिरेशिवाय कुठेही सुई नको' हे वाक्य पाठ असू द्या. गुदद्वारातून द्यायच्या गोळ्या आणि एनिमाही नको.

ताप नाही म्हणून निर्धास्त राहणं. स्टेरॉइड चालू असताना मोठा संसर्गही तापाशिवाय येऊ शकतो. हातपाय गार, मूल उठत नाही, लघवी सहा-आठ तासांत झालेली नाही, पोट दुखून कडक झालंय: आकडा काहीही असो, निघा. पोर्ट किंवा पिक लाइन फ्लश केल्यावर तासाभरात थंडी वाजून आली, तर जंतू नळीतच आहेत असं समजा.

बॅग कायम भरलेली हवी: वही, चिठ्ठी, थर्मामीटर, शेवटचे रिपोर्ट, रेशनकार्ड आणि आधारच्या प्रती, दोन जोड कपडे, उकळलेलं पाणी, चार्जर, थोडी रोकड, मुलाचं एक खेळणं. वापरून आणली की त्याच रात्री पुन्हा भरा.

## टप्पा ५: खाणं, तोंड, पोट

नियम सोपा आहे: शिजवलेलं, ताजं, गरम. पाणी खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळून, झाकून गार केलेलं. फळं सोलायची: केळं, संत्रं, मोसंबी. आधी सालीसकट धुवा, मग सोला, कारण सुरीबरोबर सालीवरची घाण आत जाते. काउंट कमी असताना कच्ची कोशिंबीर, कच्ची मोड आलेली कडधान्यं, अर्धवट उकडलेलं अंडं, उसाचा रस, बर्फाचा गोळा, बाहेरची चटणी बंद. घरच्या दह्याबद्दल डॉक्टरांची मतं वेगळी असतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

स्टेरॉइडच्या आठवड्यांत मूल रात्री दोनला उठून भात मागतं, आणि वाटी रिकामी व्हायच्या आत पुन्हा मागतं. ही औषधाची भूक आहे, हट्ट नाही. रागवू नका, पण तयारी ठेवा: मऊ उपमा, मुगाचं धिरडं, उकडलेलं अंडं, कमी मिठाचं वरण. पापड, लोणचं, फरसाण डोळ्याआड ठेवा, मिठाने सूज आणि ब्लड प्रेशर वाढतं. सारखी तहान आणि सारखी लघवी दिसली तर साखर तपासा.

तोंडासाठी मऊ ब्रश. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून, दिवसातून चार वेळा गुळण्या. गुळण्या न येणाऱ्या बाळाच्या तोंडात तेच पाणी लावलेला स्वच्छ गॉजचा तुकडा फिरवा.

व्हिन्क्रिस्टिननंतर शी कडक होते. दोन दिवस झाली नाही तर फोन करून रेचक घ्या, आठवडा वाट बघू नका. याच औषधाने नसा कमजोर होतात. मूल जिना चढताना अडखळतं, चालताना चप्पल पायातून सटकते. 'नवी चप्पल मोठी झाली' असं वाटून हे निसटतं. दिसलं की पुढच्या भेटीत आवर्जून सांगा.

नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही. पुढे झुकवून बसवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सोडू नका. थांबलं नाही, अंगावर लाल ठिपके उठले, शी काळी झाली, किंवा डोकं दुखून उलट्या होत असतील, तर निघा.

सावधान: अंगारा चाटवणं, गोमूत्र, भस्म, काढे, प्लेटलेट वाढवायला पपईच्या पानांचा कच्चा रस हे पोटात जाऊ देऊ नका. केमोने यकृतावर आधीच ताण असतो आणि कच्च्या गोष्टींतून जंतू जातात. आजीची श्रद्धा मोडायची गरज नाही. अंगारा कपाळाला चालेल, जिभेला नाही, एवढं त्यांना प्रेमाने सांगा. बहुतेक आज्या ऐकतात.

## टप्पा ६: घरातली माणसं

भावंडं. पल्स पोलिओच्या दिवशी घरी येणाऱ्या ताईंना आधीच सांगा: घरात केमोवरचं मूल आहे. तोंडातून दिलेल्या डोसमधला जिवंत विषाणू भावंडाच्या शीतून बाहेर पडतो आणि आजारी मुलापर्यंत पोहोचू शकतो. भावंडाला त्याऐवजी इंजेक्शनची पोलिओ लस द्यावी. आजारी मुलाला तर उपचार चालू असताना कोणतीही जिवंत लस नाही. घरातल्या इतरांनी दरवर्षी फ्लूचं इंजेक्शन घेतलं तर उत्तम.

शाळेत किंवा बालवाडीत आधीच सांगून ठेवा की वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी कळवा. अशा मुलाबरोबर एका खोलीत पंधरा मिनिटं बसणं हाही संपर्कच. कांजिण्यांविरुद्धचं प्रतिबंधक इंजेक्शन संपर्कानंतर शक्यतो चार दिवसांच्या आत द्यावं लागतं. पुरळ उठायची वाट बघितली तर ती वेळ निघून जाते.

आता मनाचं. पाच-सहा वर्षांच्या भावंडाला वाटतं की मी भांडलो म्हणून ताई आजारी पडली. ते बोलत नाही, पण अंथरुणात शू करायला लागतं किंवा पोट दुखतं म्हणतं. त्याला स्पष्ट शब्दांत सांगा: हा आजार तुझ्यामुळे झालेला नाही, आणि तो तुला लागणारही नाही. रोजची वीस मिनिटं एका मोठ्या माणसाने फक्त त्याच्याबरोबर घालवावीत, फोन बाजूला ठेवून. हॉस्पिटलात राहणाऱ्या आईने ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करावा आणि त्यात आधी शाळेचं विचारावं, मग ताईचं सांगावं.

आजारी मूल. 'आज सुई नाही' असं खोटं सांगून न्यायचं नाही. पुढच्या वेळी ते रिक्षातही बसत नाही. तीन वर्षांच्या मुलालाही सांगता येतं: 'टुचुक होईल, दुखेल, मी हात धरून बसेन, मग घरी.' आदल्या आठवड्यात सांगितलं तर धास्ती वाढते. या वयात त्याच सकाळी पुरे. बधिर करायचं क्रीम मिळत असेल, तर ते टोचण्याच्या तासभर आधी लावायचं असतं.

शिस्त सोडू नका. आजारी आहे म्हणून मारणं, थुंकणं, फेकणं चालवून घेतलं, तर मुलालाच भीती वाटते: सगळे नियम गेले, म्हणजे माझं काहीतरी फार वाईट झालंय.

उपाशी ठेवायचा दिवस. पाठीतलं औषध भूल देऊन द्यायचं असेल, तर बहुतेक ठिकाणी जेवण आणि दूध सहा तास आधी, अंगावरचं दूध चार तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करतात. मूल रडलं म्हणून दिलेल्या एका बिस्किटाने नंबर रद्द होतो आणि अख्खा दिवस जातो. त्या सकाळी घरात कोणीच मुलासमोर खायचं नाही. मागच्या दाराने चहा झाला तरी चालेल. डबा बरोबर घ्या, पण तो बाबांच्या बॅगेत ठेवा, मुलाला दिसणाऱ्या पिशवीत नको.

आई-बाबा. अनेक घरांत आई उपचारासाठी मुलाबरोबर मुंबईला आणि बाबा गावी, अशी विभागणी होते. सहा महिन्यांनी दोघांना वाटतं की समोरच्याला आपलं कळत नाही. महिन्यातून निदान दोन दिवस अदलाबदल करा. बाबांना गोळ्यांचा डबा भरता यायला हवा, आईला योजनेच्या कागदांचं माहीत हवं. एकच माणूस सगळं जाणतो, हा घरातला सगळ्यात मोठा धोका. तो माणूस एक दिवस तापाने पडतो.

## टप्पा ७: पैसा, प्रवास, रक्त

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. पण योजना कॅशलेस आहे: मंजुरी आधी, उपचार नंतर. घाईत आधी पैसे भरून मग योजनेत बसवायला गेलं, तर भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटा. रेशनकार्डावर लहान मुलाचं नाव नसणं ही इथली नेहमीची अडचण. जन्मदाखला आणि आई-बाबांचं आधार बरोबर न्या आणि नाव चढवायचा अर्ज लगेच करून टाका.

टाटा मेमोरियलसारख्या हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेवकांचा विभाग असतो. राहायची सोय तिथूनच विचारा. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स कॅन्सरच्या मुलांना आई-वडिलांसह मोफत ठेवून घेतात, पण शिफारस हॉस्पिटलकडून लागते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळाही अनेकांना आधार देते.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता सवलत आहे आणि सोबतच्या एकालाही. त्यासाठी हॉस्पिटलने भरून दिलेला ठरावीक नमुन्याचा फॉर्म लागतो. तो डिस्चार्जच्या दिवशीच घ्या.

रक्तदात्यांची यादी शांत दिवसांत करा: नाव, गट, फोन, शेवटचं रक्तदान कधी. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणून दहा जणांना एकदम बोलावून उपयोग नाही. एकामागून एक बोलवा. प्लेटलेट देणाऱ्याने आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. आई-वडील आणि सख्ख्या नातेवाइकांचं रक्त थेट या मुलाला चढवू नये. त्यातून क्वचित पण जीवघेणी गुंतागुंत होते, आणि पुढे बोनमॅरो ट्रान्सप्लांट करायची वेळ आली तर अडचण येते. त्यांनी रक्तपेढीत बदली रक्तदान करावं.

## टप्पा ८: केस आल्यावरचा काळ

मेंटेनन्समध्ये केस परत येतात, मूल शाळेत जातं, गल्लीत धावतं. नेमकं इथेच उपचार सुटतात. शेतीचे दिवस आले, भाड्याचे पैसे नाहीत, मूल तर ठणठणीत आहे. पण लपून राहिलेल्या पेशी मारायचं काम याच महिन्यांतल्या गोळ्या करतात. पैशामुळे येणं जमत नसेल, तर तारीख चुकवायच्या आधी समाजसेवकांना फोन करा. तारीख चुकल्यावर केलेल्या फोनपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

केस आले तरी ताप आला की टप्पा ४ जसाच्या तसा. पोर्ट असेल तर दर महिन्याच्या आसपास फ्लशिंग, नाहीतर तो बंद पडतो.

उपचार संपल्यावर लसी पुन्हा सुरू करायच्या असतात. साधारण सहा महिन्यांनी, डॉक्टर सांगतील त्या क्रमाने. आणि शेवटच्या दिवशी एक सारांश मागून घ्या: निदानाची तारीख, मिळालेली सगळी औषधं, डॉनोरुबिसिन आणि डॉक्सोरुबिसिनचे एकूण डोस, रेडिएशन दिलं असल्यास किती. ही दोन औषधं हृदयावर वर्षानुवर्षांनी परिणाम करू शकतात, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केव्हा केव्हा करायची हेही त्यावर लिहून घ्या. दोन प्रती काढा. एक फाइलमध्ये, एक मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर.